रकाने भरू नका, उत्तरे द्या



वर्षातून एकदा तरी आपल्या हातात एक कागद पडतो. हल्ली तो बऱ्याच वेळा मोबाईलवरच येतो. वर मोठ्या अक्षरांत 'प्रशिक्षण गरज सर्वेक्षण' किंवा अशाच अर्थाचे काहीतरी लिहिलेले असते. खाली पंधरा-वीस प्रश्न. आपणास आपल्या कामाची पुरेशी माहिती आहे काय? होय. आपणास मिळालेले प्रशिक्षण समाधानकारक होते काय? होय. आणखी प्रशिक्षणाची गरज वाटते काय? नाही. खाली नाव, हुद्दा, सही, तारीख. सुपरवायझर म्हणतो, "संध्याकाळच्या आत सगळ्यांचे वर पाठवायचे आहेत, लवकर आटपा." पाच मिनिटांत काम होते आणि आपण मोकळे होतो.

पण आपण खरेच मोकळे होतो का? आपल्यापैकी ज्यांनी चौकशीला सामोरे जाणाऱ्या सहकाऱ्याची बाजू मांडली आहे, त्यांना ठाऊक आहे की चौकशीत सगळ्यात आधी आपल्या सहीचे कागद शोधले जातात. स्टेशन वर्किंग रूल वाचून समजले, अशी सही असलेले ॲश्युरन्स रजिस्टर निघते. रिफ्रेशर केल्याचा दाखला निघतो. त्यांच्या जोडीला 'मला प्रशिक्षणाची गरज नाही' असे स्वतःच्या हाताने लिहून दिलेला कागद आला, तर बचावाला उरते काय? प्रशासनाने शिकवले, कामगाराने समजले म्हणून सांगितले, आणि तरी चूक झाली. मग दोष कोणाचा, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून या अंकात आम्ही पगार, बोनस, पेन्शन हे नेहमीचे विषय बाजूला ठेवून एका साध्या प्रश्नावलीवर लिहीत आहोत. विषय किरकोळ वाटेल, पण तो तसा नाही. कामगाराला काय येत नाही, काय शिकवले गेले नाही, हे अपघाताच्या आधी कागदावर आणण्याची हीच एक जागा आहे. अपघातानंतर लिहिलेले कोणी ऐकत नाही.

वरून काय आले आहे

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये 'मिशन कर्मयोगी' मंजूर केले. २०२१ मध्ये क्षमता विकास आयोग नेमला गेला. प्रत्येक खात्याने आपल्या कर्मचाऱ्यांना कोणत्या कामासाठी काय शिकवायचे याचा वार्षिक आराखडा करावा, आणि तो करण्याआधी कर्मचाऱ्यांची गरज तपासावी, अशी ही योजना आहे. अभ्यासक्रम 'आय-गॉट' या संगणकी व्यासपीठावर ठेवले आहेत. टपाल खात्याने जून २०२२ मध्ये 'डाक कर्मयोगी' हे स्वतःचे पोर्टल सुरू केले आणि ग्रामीण डाकसेवकांनाही त्यात घेतले.

या योजनेतील मूळ विचाराला आमचा विरोध नाही, हे स्पष्ट सांगतो. ज्याचे जे काम, त्याला त्याचे शिक्षण, ही तर कामगार चळवळीची जुनीच मागणी आहे. केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ १९५८ साली नागपूरला मुख्यालय घेऊन सुरू झाले, तेव्हापासून आपल्या संघटनांनी आपले लोक तिथल्या वर्गांना पाठवले. शिकलेला कामगार संघटनेलाही हवा असतो.

आमचा आक्षेप निराळा आहे. गरज विचारायची म्हणजे ज्याला काम करावे लागते त्याला विचारायचे. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी अभ्यासक्रम आधी ठरतात आणि प्रश्नावली मागून येते. नेमून दिलेले तास किती भरले, प्रमाणपत्रे किती निघाली, याची मोजणी होते. गँगमन दिवसभर रुळावर राबून घरी जातो, रात्री मोबाईलवर चित्रफीत लावून ठेवतो आणि झोपतो. सकाळी प्रमाणपत्र तयार! याला शिक्षण म्हणायचे काय?

रंगापानीचा धडा

१७ जून २०२४ रोजी पश्चिम बंगालमध्ये न्यू जलपायगुडीच्या पुढे, रंगापानी स्टेशनजवळ उभ्या असलेल्या कांचनजंगा एक्सप्रेसला मागून मालगाडीने धडक दिली. मालगाडीचा चालक, एक्सप्रेसचा ट्रेन मॅनेजर आणि निरपराध प्रवासी प्राणास मुकले. त्याच दिवशी रेल्वे बोर्डाकडून मालगाडीच्या चालकाकडे बोट दाखवले गेले. स्वतःची बाजू सांगायला तो चालक जिवंत नव्हता.

पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत जे पुढे आले ते प्रत्येक रेल्वे कामगाराने नीट समजून घ्यावे. टपाल खात्यातील बांधवांसाठी थोडा खुलासा करतो. त्या भागात स्वयंचलित सिग्नल होते आणि ते सकाळपासून बिघडले होते. अशा वेळी स्टेशन मास्तर चालकाला बिघडलेले सिग्नल ओलांडण्याचा लेखी परवाना देतो. 'टी/ए ९१२' या नावाचा तो फॉर्म. परवाना असला तरी प्रत्येक बिघडलेल्या सिग्नलपाशी गाडी एक मिनिट थांबवायची आणि ताशी १५ किलोमीटरच्या आतच पुढे जायचे, असा दंडक. त्या सकाळी हा परवाना घेऊन त्या भागात शिरलेल्या सात गाड्यांपैकी फक्त कांचनजंगा एक्सप्रेसने हा दंडक पाळला. धडक देणाऱ्या मालगाडीसह उरलेल्या सहा गाड्यांनी तो पाळला नाही.

एका चालकाने नियम मोडला तर ती त्याची चूक म्हणता येते. सहा गाड्यांचे चालक एकाच सकाळी एकाच जागी एकाच फॉर्मचा तोच अर्थ लावतात, तेव्हा दोष चालकापुरता राहत नाही. आयुक्तांनीही तेच म्हटले. दिलेला परवाना योग्य नव्हता, वेगाची मर्यादा त्यात घातलेली नव्हती, त्यामुळे गैरसमज झाला. स्वयंचलित सिग्नल बिघडल्यावर गाड्या कशा चालवायच्या याबद्दल चालकांचे आणि स्टेशन मास्तरांचे पुरेसे समुपदेशन झालेले नव्हते. वॉकी-टॉकीसारखे आवश्यक साधनही उपलब्ध नव्हते.

आता विचार करा. या अपघाताच्या सहा महिने आधी त्या विभागातल्या चालकांना आणि स्टेशन मास्तरांना एका कागदावर फक्त दोन प्रश्न विचारले असते. टी/ए ९१२ हातात पडल्यावर तुम्ही गाडी किती वेगाने चालवता? हे तुम्हाला कोणी, केव्हा समजावून सांगितले? उत्तरे एका जागी ठेवली असती तर एकाच फॉर्मचे किती अर्थ लावले जातात हे कोणाही शहाण्या माणसाला दिसले असते. त्यासाठी मोठ्या तज्ज्ञाची गरज नव्हती. मात्र 'आपणास नियमांची माहिती आहे काय?' असे विचारले असते, तर सगळ्यांनी 'होय' लिहिले असते, आणि मनापासून लिहिले असते. कारण प्रत्येकाला वाटत होते की आपल्याला माहीत आहे.

प्रश्न कसा विचारला आहे, यावर सगळे अवलंबून असते ते असे.

गरज शिक्षणाची की साधनांची?

प्रश्नावली हातात आली की पहिली गोष्ट तपासावी. अडचण शिक्षणाची आहे की दुसऱ्याच कशाची?

काम नीट होत नाही याची कारणे अनेक असतात. माणसाला ते येत नसेल, तर शिक्षण हवे. येत असेल पण हत्यार नसेल, तर हत्यार हवे. येते, हत्यारही आहे, पण दोघांचे काम एकट्याला करावे लागते, तर माणूस हवा. हे सगळे आहे पण नियमच असा आहे की तो पाळून काम पुरे होत नाही, तर नियम बदलायला हवा. वॉकी-टॉकी नसलेल्या गाडीवरच्या चालकाला आणखी चार वर्गांत बसवल्याने वॉकी-टॉकी येत नाही.

'प्रशिक्षणाची गरज' या नावाखाली पुष्कळदा रिकाम्या जागांवर पांघरूण घातले जाते. दोन गँगचे काम एका गँगकडे आले, चुका वाढल्या, की साहेब म्हणतात, यांना प्रशिक्षण द्या. म्हणून प्रत्येक प्रश्नावलीत हा रकाना असलाच पाहिजे: 'हे काम नीट न होण्याचे कारण काय? शिकवलेले नाही, साधन नाही, माणूस नाही, वेळ नाही, की सूचना स्पष्ट नाही?' छापलेल्या फॉर्मवर हा रकाना नसेल तर समासात लिहा. तेवढी जागा असते.

खऱ्या गरजा बदलत असतात, हेही लक्षात घ्या. माझी स्वतःची नोकरी केबिनमध्ये लिव्हर ओढण्यापासून सुरू झाली. पॉइंट अडला तर ते हाताला कळत असे. मग पॅनेल आले, नंतर पडद्यावर चालणारे इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग आले. काम हलके झाले, पण अडचण हाताला कळेनाशी झाली. रोजचे काम पडद्यावर कोणीही आठ दिवसांत शिकतो. पडदा काळा झाला की काय करायचे, ते शिकवावे लागते. गाड्यांवर 'कवच' यंत्रणा येत आहे, तिथेही हेच होणार आहे.

टपालातही तेच. बचत खाती संगणकावर गेली, शाखा डाकघरात हातातले यंत्र आले, २०१८ मध्ये पोस्ट पेमेंट्स बँक आली, आणि २०२५ मध्ये 'एपीटी' ही नवी प्रणाली देशभर लागू झाली. काउंटरवर रांग उभी, नवीन पडदा समोर, आणि शेजाऱ्यालाही तितकेच माहीत, हा अनुभव आपल्या पुष्कळ बंधू-भगिनींनी घेतला आहे. त्यात रकमेचा फरक पडला तर वसुलीची शिक्षा आहेच. नवी प्रणाली कशी चालते हे शिकवले जाते. ती बंद पडली, मधेच अडकली, एकच रक्कम दोनदा पडली, तर काय करायचे, हे बहुधा शिकवले जात नाही. डाकसेवकाला तर कामाचा मोबदलाच चार-पाच तासांचा मिळतो. शिकण्याचा वेळ त्या तासांत धरला जाणार की त्याच्या घरच्या वेळेतून काढला जाणार, हे कोणी सांगत नाही.

चांगली प्रश्नावली कशी असते

आपल्या शाखांनी केवळ वरून आलेल्या फॉर्मची वाट पाहू नये. आपणही प्रश्नावली तयार करावी. ते अवघड नाही. एक पान पुरे.

त्या पानावर प्रश्न माणसाबद्दल नसावेत, कामाबद्दल असावेत. एका हुद्द्याला जी कामे करावी लागतात त्यांची यादी करा. गेटमन असेल तर: गेट बंद न झाल्यास काय करायचे, गेटमध्ये वाहन अडकले तर गाडी कशी थांबवायची, प्रायव्हेट नंबर कसा द्यायचा-घ्यायचा, फोन बंद असेल तर काय. काउंटरचा सहायक असेल तर: नेट बंद असताना पावती कशी द्यायची, वारसाचा दावा आला तर कोणते कागद घ्यायचे, अंगठ्याचा ठसा जुळला नाही तर काय, ग्राहकाची फसवणूक झाल्याचा संशय आला तर कोणाला कळवायचे. यादी साहेबाने करू नये. त्या जागी दहा-पंधरा वर्षे काम केलेल्या दोघांना आणि नव्याने आलेल्या एकाला एकत्र बसवून करावी. जुन्याला काय चुकते ते ठाऊक असते, नव्याला काय समजत नाही ते ठाऊक असते.

प्रत्येक कामासमोर चार छोटे रकाने ठेवा. हे काम शेवटचे केव्हा केले? चुकले तर काय होईल? हे कोणी हाताने करून दाखवले होते का? उद्या एकट्याला करावे लागले तर खात्रीने येईल का?

या चार उत्तरांवरून गरज आपोआप दिसते. रोजचे काम हाताला सवयीने येते, त्याला वर्ग नको. जे काम दोन वर्षांतून एकदा येते, चुकले तर जीव किंवा नोकरी जाते, आणि जे कोणी कधी करून दाखवलेले नाही, ते आधी शिकवायचे. कमी वेळा येणारे आणि जास्त धोक्याचे, हा क्रम लक्षात ठेवा. प्रशिक्षण केंद्रात पुष्कळदा याच्या उलट होते. जे सगळ्यांना येते त्यावर तीन दिवस जातात आणि जे कोणालाच येत नाही त्याला शेवटच्या दिवशी जेवणानंतरचा अर्धा तास मिळतो.

फॉर्म छापण्याआधी पाच जणांकडून भरून घ्या. एखादा प्रश्न ज्याला समजला नाही त्याला दोष देऊ नका, प्रश्न बदला.

भाषेचा मुद्दा मोठा आहे. आपले मराठी कामगार इंदूर, सुरत, हुबळी, सिकंदराबाद, बिलासपूर इथे काम करतात. भुसावळ, सोलापूर, नागपूरच्या गँगमध्ये बिहार, आंध्र, राजस्थानचे तरुण आहेत. माणूस ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेत त्याला विचारले पाहिजे. इंग्रजी फॉर्म शेजाऱ्याकडून भरून घेतला तर उत्तर शेजाऱ्याचे येते. म्हणून फक्त मराठीची मागणी करून थांबू नका. जिथे जी भाषा लागते ती मागा. ज्याला लिहिणे जड जाते त्याला वाचून दाखवा. मात्र वाचून दाखवणारा त्याचा सुपरवायझर नसावा.

आणि फॉर्म ड्युटीच्या वेळेत भरला जावा. रात्रपाळीवाल्याला, लांबच्या गेटवरच्या बहिणीला, शाखा डाकघरातल्या एकट्या डाकसेवकाला तो मिळालाच पाहिजे. कंत्राटी कामगाराला कोणतीच प्रश्नावली मिळत नाही. तो आपल्या शेजारी, त्याच रुळावर, त्याच फलाटावर काम करतो. गाडी येताना ती हजेरीपट कोणाचा हे पाहत नाही. त्यालाही विचारा.

'येत नाही' लिहिण्याची भीती

इथे आपला जुना अनुभव आडवा येतो. सभासद म्हणतात, साहेब, 'मला येत नाही' असे लिहून दिले तर उद्या तेच आमच्या विरुद्ध जाईल. बढती अडेल, जागा बदलतील, अनफिट ठरवतील.

ही भीती खोटी नाही. तिला 'तुम्ही घाबरू नका' एवढे सांगणे पुरेसे नाही, तिची व्यवस्था केली पाहिजे. आमच्या मते तीन गोष्टी प्रशासनाकडून आधी लेखी मान्य करून घ्याव्यात.

पहिली, सर्वेक्षणातले कोणतेही उत्तर शिस्तभंगाच्या कारवाईत वापरले जाणार नाही. रेल्वेत १९६८ च्या शिस्त व अपील नियमांखाली नाही, टपालात १९६५ च्या नियमांखाली नाही, डाकसेवकांच्या बाबतीतही नाही. दुसरी, फॉर्मवर नाव व सही नको, फक्त हुद्दा आणि नोकरीची वर्षे. तिसरी, जिथे एका हुद्द्याची दोन-चारच माणसे आहेत तिथे फॉर्म वेगळे मोजायचे नाहीत. चार-पाच स्टेशनांचे किंवा एका उपविभागाचे एकत्र करायचे. नाहीतर नाव नसले तरी अक्षर आणि जागा यांवरून माणूस कळतोच. तीन स्टेशन मास्तरांच्या स्टेशनात निनावी कागद निनावी राहत नाही.

हे मान्य झाले नाही आणि नाव-सहीसकट फॉर्म भरावाच लागला, तरी खोटे लिहू नका. 'येत नाही' असे लिहिणे जड वाटत असेल तर जे खरे आहे तेच दुसऱ्या शब्दांत लिहा: 'हे काम मला प्रत्यक्ष करून दाखवलेले नाही, करून दाखवावे.' यात कमीपणा नाही आणि कबुलीही नाही. यात मागणी आहे. भरलेल्या फॉर्मची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. मोबाईलवर भरला असेल तर त्या पडद्याचा फोटो ठेवा. उद्या कोणी विचारले तर, मी अमुक तारखेला मागितले होते, तुम्ही दिले नाही, हे सांगता आले पाहिजे. जो कागद आपल्याविरुद्ध जाऊ शकतो, तोच खरा भरला तर आपल्या बाजूने उभा राहतो.

मोजणी आणि तिच्यातली फसवणूक

फॉर्म गोळा झाले म्हणजे काम झाले असे नाही. फसवणूक बहुतेक वेळा मोजणीत होते, आणि ती मुद्दाम केलेली असतेच असे नाही.

एक उदाहरण कल्पून घ्या. एका विभागात साठ जणांनी फॉर्म भरले. 'गेट बिघडल्यास गाडी सुरक्षित कशी सोडायची हे खात्रीने येते' या ओळीसमोर बावन्न जणांनी 'येते' लिहिले, आठ जणांनी 'येत नाही'. टक्केवारी काढली की सत्त्याऐंशी टक्के लोक तयार! अहवालात हिरवी खूण. पण ते आठ जण कोण होते ते पाहिले, तर आठही गेटमन निघाले. आणि विभागात गेटमन होते एकूण दहा. म्हणजे ज्यांना ते काम करावे लागते त्यांच्यातले दहापैकी आठ तयार नव्हते. बाकीच्यांना ते आले काय आणि न आले काय!

म्हणून मोजणी हुद्द्याप्रमाणे करा, डेपोप्रमाणे करा, नोकरीच्या वर्षांप्रमाणे करा. सरसकट सरासरी कोणी दाखवली तर ती फिरवून मागा. यासाठी संगणक लागत नाही. एक रेघांची वही, डावीकडे कामे, वर हुद्दे, आणि पाचापाचांच्या रेघा. शाखेतले दोन तरुण दोन संध्याकाळी हे करू शकतात. मोजणीच्या वेळी प्रशासनाच्या माणसाबरोबर संघटनेचाही एक माणूस बसावा, अशी मागणी करा.

मोजून झाले की आकडे घेऊन पुन्हा लोकांकडे जा. लॉबीत, शेडमध्ये, छाटणीच्या टेबलाभोवती दहा मिनिटे उभे राहून विचारा: आठ जणांनी 'येत नाही' लिहिले आहे, नेमके अडते कुठे? कागद फक्त बोट दाखवतो. कारण माणसे सांगतात.

आणि निकाल फलकावर लावा. महिन्याच्या आत. काय विचारले, काय आढळले, काय मागितले, काय मिळाले. ज्या सर्वेक्षणाचा निकाल परत येत नाही, त्याच्या पुढच्या फेरीत लोक पुन्हा पाच मिनिटांत 'होय, होय, नाही' लिहून मोकळे होतात. त्यात त्यांचा दोष नसतो.

मागणी कुठे न्यायची

रेल्वेत १९५२ पासून कायम वाटाघाट यंत्रणा आहे, १९६६ पासून संयुक्त सल्लागार यंत्रणा आहे. टपालात विभागीय पातळीवरच्या बैठका आहेत. या बैठकांत आपण बदल्या, क्वार्टर्स, भत्ते हे प्रश्न नेतो. ते नेलेच पाहिजेत. पण शिक्षणाचा प्रश्न तिथे क्वचितच जातो. यापुढे प्रत्येक शाखेने वर्षातून एकदा तरी प्रशिक्षणाचा विषय आकड्यांसह कार्यसूचीवर घालावा. आमच्या मागण्या अशा आहेत:

१. प्रशिक्षण आणि प्रश्नावली भरणे, दोन्ही ड्युटीच्या वेळेत. मोबाईलवरचा अभ्यासक्रम असेल तर त्याचे तास रोस्टरमध्ये धरावेत. डाकसेवकांच्या बाबतीत तो वेळ मोबदल्यात धरावा.

२. प्रशिक्षणाला माणूस सोडायचा तर त्याच्या जागी रिलिव्हर. 'माणूस नाही म्हणून रिफ्रेशर पुढे ढकलले' हे कारण चालणार नाही. ज्याचे रिफ्रेशर प्रशासनाने पुढे ढकलले, त्याच्यावर 'अज्ञाना'चा आरोप ठेवता येणार नाही.

३. नवे यंत्र, नवी प्रणाली, नवा फॉर्म आला तर तो लागू होण्याआधी शिक्षण. आणि त्या शिक्षणात 'बंद पडल्यावर काय' हा भाग सगळ्यात आधी.

४. भुसावळचे विभागीय प्रशिक्षण केंद्र असो की वडोदऱ्याचे टपाल प्रशिक्षण केंद्र, तिथे जाणाऱ्याला राहण्याची माणसासारखी सोय आणि भत्ता वेळेवर. बहिणींसाठी स्वतंत्र व सुरक्षित व्यवस्था.

५. शिक्षण झाल्यावर तीन महिन्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा. वर्ग आवडला का, हे विचारून काय उपयोग? काम आता खात्रीने येते का, हे विचारा. उत्तर बदलले नसेल तर शिकवण्यात काहीतरी चुकले आहे.

शेवटी आपल्याच लोकांसाठी दोन शब्द. प्रशासनाकडे बोट दाखवणे सोपे आहे आणि बऱ्याचदा योग्यही आहे. पण फॉर्म भरताना पेन आपल्या हातात असते. शेजाऱ्याचे पाहून खुणा करणारा, सगळ्यांचे फॉर्म एकगठ्ठा सह्या करून देणारा, 'जाऊ द्या, काही होत नाही' म्हणणारा आपल्यातच असतो. ज्या दिवशी काही होते, त्या दिवशी तो फॉर्म ना त्याच्या कामी येतो, ना गाडीतल्या माणसांच्या, ना आयुष्याची पुंजी पोस्टात ठेवणाऱ्या म्हातारीच्या.

प्रत्येक शाखेने येत्या तिमाहीत निदान एका हुद्द्याची, निदान एका डेपोची प्रश्नावली स्वतः तयार करावी, भरून घ्यावी, मोजावी आणि बैठकीत मांडावी. कोणत्या कामात काय आढळले ते या पानासाठी आम्हाला लिहून पाठवावे. एका शाखेत गेटमनची जी अडचण निघेल ती पाचशे किलोमीटरवरच्या दुसऱ्या शाखेतही असणार. ती एकमेकांना कळली तर मागणी देशभराची होते.

काम आपण करतो. कामात काय अडते हेही आपल्यालाच ठाऊक. तेव्हा पुढचा कागद हातात येईल त्या वेळी घाई करू नका. बसा, वाचा, खरे तेच लिहा, आणि प्रत जपून ठेवा.

कामगार एकजुटीचा विजय असो!